चॅम्प्स: शाळेचे स्पोर्ट्स आणि अख्खं जमैका

मार्च संपत आला की जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमकडे जाणारे रस्ते तुंबायला लागतात. मॅच नाही, कॉन्सर्ट नाही, शाळाशाळांमधले ॲथलेटिक्सचे स्पोर्ट्स आहेत. हो, शाळेचेच! मंगळवार ते शनिवार पाच दिवस चालतात, टीव्हीवर लाइव्ह दाखवतात आणि शनिवारचं तिकीट मिळवायला लोक ओळखीपाळखी काढतात. ऑफिशियल नाव लांबलचक आहे, ते कोण घेतंय, सगळे नुसतं 'चॅम्प्स' म्हणतात.

सुरुवात झाली १९१० मध्ये, सबाइना पार्कवर. तेच सबाइना पार्क बरं का, जिथे १९७१ ला आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी २१२ ठोकले. तेव्हा मोजक्याच शाळा, फक्त मुलगे, आणि पहिलं टायटल नेलं वुल्मर्स शाळेने. दुसऱ्याच वर्षी जमैका कॉलेजचा (नावात कॉलेज असलं तरी तिथे ती शाळाच) नॉर्मन मॅनली नावाचा पोरगा १०० यार्ड १० सेकंदात पळाला आणि ते रेकॉर्ड १९५२ पर्यंत कोणाला मोडता आलं नाही, हाच मॅनली पुढे जमैकाचा प्रीमियर झाला. मुलींच्या स्पर्धा १९५७ पासून वेगळ्या व्हायच्या, १९९९ ला दोन्ही एकत्र आल्या.

आता खरी गंमत बघा. इथे नुसता पहिला नंबर काढून भागत नाही. फायनलमधल्या आठही जणांना पॉइंट्स मिळतात आणि ते जातात शाळेच्या खात्यात. म्हणजे कुठला तरी तेरा वर्षांचा बारक्या आठवा येतो, धापा टाकत लाइन क्रॉस करतो, तरी त्याच्या एका पॉइंटसाठी स्टँडमधले पांढऱ्या केसांचे माजी विद्यार्थी उभे राहून बोंबलत असतात. एकीकडे किंग्स्टन कॉलेजवाले जांभळ्या रंगात, दुसरीकडे कॅलबारवाले हिरव्या-काळ्यात, ढोल, शिट्ट्या, आणि मधल्या वेळात एकमेकांची यथेच्छ खेचणं. किंग्स्टन कॉलेजने १९६२ ते १९७५ सलग चौदा टायटलं मारली, ते अजून ऐकवतात. मुलींमध्ये मात्र शहरी शाळांचा तोरा चालला नाही, क्लॅरेंडन भागातल्या व्हिअर टेक्निकलने १९७९ पासून सलग पंधरा वर्षं कोणाला हात लावू दिला नाही.

उसेन बोल्टचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही, तर घ्या. २००३, वय १६, शाळा विल्यम निब, २०० मीटर २०.२५ मध्ये आणि ४०० मीटर ४५.३५ मध्ये. पण मला त्याच्यापेक्षा एलेन थॉम्पसनची गोष्ट जास्त आवडते. मँचेस्टर हायची ही मुलगी, चॅम्प्समधला तिचा बेस्ट निकाल काय, तर २००९ ला तिच्या वयोगटात १०० मीटरला चौथी! आणि पुढे तिनेच रिओ आणि टोकियो, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० चं गोल्ड घेतलं. जमैकन लोक जोरात का पळतात यावर काय काय थिअऱ्या आहेत, याम नावाचा कंद खाण्यापासून ते जीन्सपर्यंत. माझ्या मते जिथे चौथी आणि आठवी येणारी पोरंसुद्धा शाळेला हवीच असतात, तिथे पळणारे संपतच नाहीत, एवढं सरळ आहे.

सगळं गोडगोड नाही हां. गावाकडच्या शाळेतलं पळणारं पोर मोठ्या शाळेने उचललं की दरवर्षी वाद पेटतो, आणि कोवळ्या वयात एकाच दिवशी हीट, सेमी, वर रिले असं पळवायचं का, हा प्रश्न तिथले कोचच विचारतात.

शनिवारी शेवटी ४ बाय ४०० रिले. बऱ्याचदा टायटलचा निकाल तोवर लागलेला असतो, तरी जागचं कोणी हलत नाही. रात्री गाड्यांचे हॉर्न, झेंडे, आणि मग एप्रिलच्या अखेरीला हीच पोरं अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेन रिलेज या स्पर्धेला जातात, तिथे अमेरिकन शाळा वाट बघत असतात.