घरातली गंमत, आठ अक्षरांत

नमस्कार मंडळी! मे संपत आलाय, खळ्यात साठं, म्हणजे आंब्याच्या रसाची पोळी, वाळतंय, मुंबईची नातवंडं अजून गावातच आहेत. या दिवसांत घरात रोज काहीतरी घडतं आणि पावसाबरोबर विसरूनही जातं. ते कवितेत धरून ठेवा. त्यासाठी अष्टाक्षरीसारखा सोपा छंद मला दुसरा माहीत नाही.

ओळीत आठ अक्षरं, चारावर छोटासा थांबा. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'खळ्यामध्ये' चार. बोटांवर मोजत म्हणा माझ्याबरोबर:

साठं वाळे खळ्यामध्ये,
राखणीला बसे बाळू;
कोपऱ्याशी भोक कुणी
पाडलंय हळूहळू?

आजी पुसे, "कोण आलं?"
बाळू सांगे, "आला काऊ."
"काऊ गेला, मिशी तुझी
पिवळी रे कशी, भाऊ?"

'हळूहळू'पाशी थांबा. चोर तिथेच कळतो. बाळूला मात्र वाटतं, कुणाला पत्ता नाही! 'बाळू फार खोडकर होता' असं लिहिलं असतं, तर सगळी मजा गेली असती. आणि आजी रागावत नाही, नुसती विचारते. मला ती ओळ सगळ्यात आवडते, कारण आमच्याकडच्या आज्या अशाच पकडतात.

जात्यावरची ओवी याहून सैल, गळ्यावर ओढून घेता येते. पण सुरुवात मोजून करा.

आपल्या कोकण किनाऱ्याला हे परकं नाही. विंदा करंदीकर देवगड तालुक्यात जन्मले, १९१८ साली. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात, १९२९ साली. दोघांनीही मुलांसाठी भरभरून लिहिलं.

गोष्टीला मात्र मोजणी नको, साथ हवी. गाऱ्हाणं ऐकलंय ना? जाणता माणूस देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मुलांनाही तसंच गोष्टीत ओढा. वीज गेली, सगळे पडवीत जमले की म्हणा, "आणि फणस धप्पकन पडला..." आणि गप्प बसा. "कोणाच्या डोक्यावर?" असं ती विचारतीलच. उत्तरही त्यांनाच देऊ द्या, आणि ते कितीही अचाट असलं तरी गोष्ट तिथूनच पुढे न्या.

आज घरातली एखादी चोरी नाहीतर भांडण निवडा, चार ओळी करा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. अक्षर कमी पडलं तर 'रे' किंवा 'गं' घाला. 'पिवळी'पुढे मी तेच केलंय. जास्त झालं, तर आधी विशेषण काढा.