लाकूड, अळंबी आणि सामाईक मायक्रोस्कोप

(सिंधुदुर्गातल्या एका निसर्गअभ्यास मंडळासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, तुम्ही दिलेला विषय अगदी व्यवहाराचा आहे. मंडळाकडे थोडी शिल्लक आहे, काही जण जादा वर्गणी द्यायला तयार आहेत आणि एक भारी मायक्रोस्कोप घ्यायचं घाटतंय. काहींना लाकूड पाहायचंय: जुन्या घरांचे वासे, होड्यांच्या फळ्या, जेट्टीचे खांब. बाकीच्यांना अळंबी आणि खोडांवरच्या बुरश्या. माझं मत आधीच सांगतो. मायक्रोस्कोप जरूर घ्या आणि एकत्रच घ्या. मात्र पैसे कुठे घालायचे हे तुमच्या कामावरून ठरवा, विक्रेत्याच्या कॅटलॉगवरून नको.

खोक्यावर ‘२५०० पट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्या आकड्याकडे बघूच नका. दोन ठिपके एकमेकांपासून वेगळे दिसणं महत्त्वाचं, आणि त्याला मर्यादा आहे हे जर्मनीतल्या येना इथे अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडलं. ती मर्यादा प्रकाशाची तरंगलांबी आणि ऑब्जेक्टिव्हचं (नमुन्याजवळच्या भिंगाचं) न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप, यांवर ठरते. ऑब्जेक्टिव्हवर पटींच्या आकड्याशेजारी ०.६५ किंवा १.२५ असं बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, तेच हे अपर्चर. हिरव्या प्रकाशात ०.६५चा ४०एक्स (चाळीस पटींचा ऑब्जेक्टिव्ह) सुमारे ०.४२ मायक्रॉनपर्यंतचं अंतर दाखवतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेलातला, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब घालून वापरायचा, १.२५चा १००एक्स सुमारे ०.२२ मायक्रॉनपर्यंत जातो. अपर्चरच्या हजार पटींपलीकडे, म्हणजे इथे साधारण १२५० पटींपुढे, चित्र नुसतं फुगतं. नवीन काहीच दिसत नाही. तेव्हा २५एक्सच्या आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) जादा पैसे मोजू नका.

लाकूडवाले आणि अळंबीवाले एकच यंत्र वापरणार असले तरी दोघांची गरज वेगळी आहे. लाकडाचं खरं काम ४एक्स आणि १०एक्सवर चालतं. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या कशा मांडल्या आहेत, गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, म्हणजे किरण, किती पेशी रुंद आहेत, वाहिन्यांभोवती मऊ ऊती कशी पसरली आहे, हे सगळं मोठ्या क्षेत्रात एकदम दिसायला हवं. साध्या अ‍ॅक्रोमॅट भिंगात मध्यभाग स्पष्ट दिसतो आणि कडा धूसर राहतात. लाकडाच्या आडव्या छेदात हे फार जाचतं. म्हणून लाकूडवाल्यांसाठी कडेपर्यंत स्पष्ट दाखवणारी ‘प्लॅन’ भिंगं हवीत. सागाच्या वर्षवलयांतल्या मोठ्या वाहिन्या तर दहापट हातभिंगातूनही दिसतात. आंब्याफणसात वाहिन्या वलयभर पसरलेल्या असतात, हा फरकही भिंगानं कळतो. काष्ठशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८९ मध्ये पानझडी-सदाहरित रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडासाठी १६३ लक्षणांची यादी केली. ती हाताशी धरून काम करताना १००एक्स क्वचितच लागतो. एवढं करूनही बऱ्याचदा प्रजातीपर्यंत पोचता येत नाही, कुळातल्या जवळच्या गटापर्यंतच पोचता येतं. बिबळा आणि रक्तचंदन एकाच गटातले, त्यांची रचनाही जवळची. हे नीट ठाऊक असेल तर यंत्राकडून भलत्या अपेक्षा राहणार नाहीत.

अळंबीवाल्यांचं याच्या अगदी उलट. त्यांना तेलातला १००एक्स चांगलाच हवा. गॅनोडर्मा घ्या, गुलमोहराच्या किंवा बाभळीच्या बुंध्याशी लाकडासारखी टणक वाढणारी बुरशी. तिचे बीजाणू साधारण ८ ते १२ मायक्रॉन लांब असतात. भिंत दुहेरी, दोन भिंतींच्या मध्ये बारीक खांब, आणि एक टोक छाटल्यासारखं. ४०एक्सवर नुसते तपकिरी दाणे दिसतात. तेल घातलं की ते खांब दिसतात आणि ओळख पटते. टणक बुरश्यांत कवकतंतू, म्हणजे बुरशीचं शरीर ज्यांचं बनतं ते धागे, हेही तपासावे लागतात: एकाच प्रकारचे आहेत, दोन प्रकारचे की तीन? ही पद्धत ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ मध्ये मांडली आणि आजही तिच्याशिवाय चालत नाही. ब्लेडनं तासलेला केसाएवढा तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवायचा, काँगो रेड हा रंग द्यायचा, कव्हरस्लिपवर (नमुन्यावरच्या पातळ काचेवर) पेन्सिलच्या मागच्या टोकानं हलकेच ठोकायचं. तंतू सुटे झाले की तेलात बघायचे.

दोन्ही गट जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे कुजलेलं लाकूड. त्यासाठी मी तुम्हाला एकच जोडणी आग्रहानं सुचवीन, ती ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणाऱ्या प्रकाशाची. असा प्रकाश गाळून देणारा एक पोलरायझर दिव्यावर, दुसरा मायक्रोस्कोपच्या डोक्याच्या (आयपीस असतात त्या भागाच्या) खाली, दोघे एकमेकांना काटकोनात. सगळं क्षेत्र काळं होतं. आता निरोगी लाकडाचा पातळ छेद ठेवा. भिंतीतलं सेल्युलोज स्फटिकी असल्यामुळे एकेक पेशीभिंत पांढरी उजळून निघते. तपकिरी कुजीची बुरशी लागलेला छेद ठेवला तर तेच क्षेत्र मंद होत जातं, कारण ही बुरशी सेल्युलोज मोडते. वासा हातात घेतला तर अजून शाबूत वाटतो, वजन फारसं घटलेलं नसतं. पण काळ्या पार्श्वभूमीवर भिंती विझू लागलेल्या असतात. जेट्टीचे खांब, होडीचा तळ अशा सतत भिजणाऱ्या लाकडात मऊ कूज लागते. तिथे उभ्या छेदात पेशीभिंतीच्या आतच, सेल्युलोजच्या धाग्यांच्या दिशेनं ओळीनं खोदलेली टोकदार छिद्रं दिसतात. पांढऱ्या कुजीत बुरशी लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य, मोडते. तिच्यासाठी सॅफ्रनिन आणि अ‍ॅस्ट्रा ब्लू या रंगांची जोडी वापरा: लिग्निन शाबूत तिथे लाल, निघून गेलं तिथे निळं. कोकणात घर, होडी, मंदिराचा सभामंडप, सगळंच लाकडावर उभं आहे. कुठला खांब बदलायचा नि कुठला ठेवायचा हे असं बघून सांगता येतं, म्हणून मला या जोडणीचं इतकं मोल वाटतं. साध्या कामाला पोलरायझर फिल्मचे दोन तुकडेही पुरतात, त्यासाठी भूगर्भशास्त्रज्ञांचा महागडा मायक्रोस्कोप नको.

न रंगवलेला पारदर्शक नमुना उठून दिसावा म्हणून फेज कॉन्ट्रास्टची जोडणी घेतलात तर हरकत नाही, पण काँगो रेडनं बहुतेक वेळा भागतं. त्याच कामाची महागडी डीआयसी जोडणी सोडून द्या, तेवढ्या पैशांत उरलेलं सगळं येईल. कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या. त्याऐवजी आयपीसमधला मोजपट्टीचा काच आणि स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे नमुन्याच्या जागी ठेवायची आखलेली काच, आधी घ्या. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी आयपीसचा एक भाग किती मायक्रॉनचा ते एकदा काढून कागदावर चिकटवून ठेवलं की झालं. माप नसलेल्या बीजाणूच्या फोटोचा ओळखीसाठी फारसा उपयोग होत नाही. आणि कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर जाडीच्याच मागा, ऑब्जेक्टिव्हवर तोच आकडा कोरलेला असतो.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागलाच तर तो विकत घ्यायची गोष्टच नाही. आयआयटी मुंबईत सामाईक उपकरण केंद्र आहे, आणि देशभरातली अशी उपकरणं शोधायला आय-स्टेम पोर्टल आहे. सुकवलेले नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या आजरेकर कवकसंग्रहाशी पडताळता येतात. शंकर पुरुषोत्तम आघारकर तुमच्याच मालवणचे. महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी १९४६ मध्ये उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं, आणि आज तिच्या संशोधन संस्थेला त्यांचंच नाव आहे. एकट्यानं न जमणारं विज्ञान चार जणांनी मिळून करायचं, ही गोष्ट तुमच्या मातीला नवी नाही.

आता सामाईकपणाचं. सामाईक विहिरीत भांडण पाण्यावरून क्वचित होतं, मोटार कुणी दुरुस्त करायची यावरून होतं. इथेही तसंच होईल. म्हणून मालकी मंडळाच्या नावावर ठेवा, कुणा एकाच्या नावावर नको. सोडून जाणाऱ्याला वर्गणी परत मिळणार की नाही हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा. दुरुस्तीचा निधी वेगळा ठेवा आणि त्यातून दरवर्षी साफसफाई करून घ्या. यंत्र एका खोलीत, एका टेबलावर राहील. गाडीतून घरोघर हिंडणारा मायक्रोस्कोप वर्षभरात जुळणीतून जातो. घरी बघायला प्रत्येकानं हातभिंग किंवा अंबाल्याचा साधा विद्यार्थी मायक्रोस्कोप ठेवावा. प्राथमिक चाळणी तिथेच होते.

सगळ्यात जास्त नुकसान एका सवयीनं होतं. अळंबीवाला १००एक्सला तेल लावतो, बघून झालं की ऑब्जेक्टिव्हची चकती फिरवतो आणि कोरडा ४०एक्स त्या तेलातून फरफटत जातो. पुढच्या दिवशी लाकूडवाल्याला सगळं धुकट दिसतं आणि तो आपल्या छेदाला दोष देत बसतो. नियम असा करा: तेल घातल्यावर ४०एक्सकडे परत यायचं नाही. स्लाइड काढायची, भिंग लेन्स पेपरनं टिपायचं, मगच चकती फिरवायची. लाकूडवाल्यांनीही जाड छेद ४०एक्सखाली ठेवू नयेत. १५ ते २० मायक्रॉनचा छेद जमेपर्यंत खालच्या पटींवरच थांबावं.

आणि पावसाळा. आपण जिचा अभ्यास करतो तीच बुरशी भिंगावर येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू भिंगाच्या लेपावर पसरतात, त्यांतून निघणारी आम्लं काच कोरतात आणि तो डाग पुन्हा जात नाही. प्लास्टिकचं आवरण घालून बंद पेटीत ठेवणं इथे सगळ्यात वाईट. हवाबंद कपाट, आत सिलिका जेल, शेजारी आर्द्रतामापक. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. सिलिकाचा रंग बदलला की तव्यावर भाजून पुन्हा वापरता येते. हे काम एका माणसाच्या नावावर लावा आणि त्याला वर्गणीत सूट द्या.

पाळीचं म्हणाल तर ऋतूनंच अर्धं ठरवून दिलंय. लाकडाला हंगाम नसतो. ऑक्टोबर ते मे हा लाकूडवाल्यांचा काळ, लाकूड उकळून मऊ करायला आणि छेद घ्यायला कोरडी हवाच बरी. जून ते सप्टेंबर पहिला हक्क अळंबीवाल्यांचा, कारण वारुळावरची अळंबी सकाळी आणली तर संध्याकाळपर्यंत सडू लागते. तिच्या बीजाणूंचा कागदावरचा ठसा आणि ताज्या कडेचा छेद त्याच दिवशी व्हायला हवा. टणक बुरश्या सुकवून ठेवा, त्या नंतर केव्हाही हायड्रॉक्साइडमध्ये फुगवून बघता येतात. खरेदी एप्रिलपर्यंत उरका, म्हणजे पहिल्या पावसाआधी कपाट तयार असेल आणि मंडळातल्या चौघांना तरी दिवा नीट जुळवता येत असेल.