‘तो काही करत नाही’

पशुवैद्यकाच्या व्यवसायात मी जे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकले, ते कुत्र्याच्या आजाराविषयीचे नाही. दार उघडता उघडता, साखळी हाताला गुंडाळत, समोरचा माणूस भिंतीला चिकटून उभा असताना मालक म्हणतो, ‘या, या, तो काही करत नाही.’ आज मी बोलणार आहे ते पाळीव कुत्र्यांच्या हल्ल्यात होणाऱ्या मृत्यूंविषयी आणि कुत्रा पाळण्यावर अधिक कडक नियंत्रण का हवे याविषयी. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाची कारणे आणि उपाय दोन्ही वेगळे असल्यामुळे तो मी बाजूला ठेवतो. ज्या कुत्र्याला मालक आहे, नाव आहे, निजायला जागा आहे, त्याच्या तोंडी माणूस जातो तेव्हा काय घडलेले असते, एवढ्यापुरतेच माझे बोलणे मर्यादित आहे.

एका दुपारी एक गृहस्थ आपला चांगला थोराड कुत्रा लसीकरणासाठी घेऊन आले होते आणि सोबत त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी होती. मी कार्ड भरत असताना ती कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून उभी राहिली आणि वडील कौतुकाने फोटो काढू लागले. मी कुत्र्याकडे पाहत होतो. इतका वेळ धापा टाकणारे त्याचे तोंड एकाएकी मिटले होते, मान मुलीच्या विरुद्ध बाजूला वळली होती, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत होती आणि जिभेचे टोक दोनदा नाकावरून फिरून आत गेले होते. अंग लाकडासारखे ताठ झाले होते. मी काहीतरी निमित्त काढून मुलीला माझ्याकडे बोलावून घेतले. वडील हसून म्हणाले, ‘डॉक्टर, तो काही करत नाही.’ खोदून विचारल्यावर कळले, की आजीच्या हाताला त्याचे दात दोनदा लागले होते, एकदा जेवणाच्या भांड्यापाशी आणि एकदा त्याला सोफ्यावरून उठवताना. रक्त आले नव्हते, म्हणून ते ‘करण्या’च्या हिशेबात धरले गेले नव्हते. शिवाय गुरगुरल्याबद्दल त्याला मार बसला होता, त्यामुळे आता तो गुरगुरतसुद्धा नाही, हे त्यांनी मला समाधानाने सांगितले. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली स्पष्ट सूचना असते. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी सूचना न देताच चावा बसतो. मुलीला आणि कुत्र्याला एकत्र ठेवू नका, त्याला मुसक्याची सवय लावा, वर्तनतज्ज्ञाला दाखवा, असे मी बजावले आणि त्यांनी मान डोलावली. त्यापलीकडे मी काही करू शकत नव्हतो. त्या दोन घटना लिहून ठेवाव्यात अशी वही, कळवाव्यात असे कार्यालय, काहीच अस्तित्वात नव्हते.

असे मृत्यू विरळा असतात, हे आधी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कुत्र्यांच्या असंख्य चाव्यांपैकी फारच थोडे प्राणघातक ठरतात. पण जे ठरतात, ते आभाळातून पडत नाहीत. अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या चाव्यांनी झालेल्या २५६ मृत्यूंचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ बातम्यांच्या कात्रणांवर विसंबून न राहता, तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन तो केलेला असल्यामुळे मला तो मोलाचा वाटतो. सुमारे ८७ टक्के घटनांत मध्ये पडून सोडवू शकेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते. ८५ टक्के घटनांत मृत व्यक्तीची त्या कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा असली तरी जुजबी होती. ८४ टक्के घटनांत कुत्र्याचे निर्बीजीकरण झालेले नव्हते, तर तीन-चतुर्थांशांहून अधिक घटनांत कुत्रा घरातल्या माणसांत वाढवलेला नसून साखळीला, आवारात किंवा पिंजऱ्यात वेगळा ठेवलेला होता. सुमारे ३७ टक्के घटनांत मालकाच्या हलगर्जीपणाचा आधीचा इतिहास होता. यांतले एखादे कारण एकटे सापडत नाही, ही त्या अभ्यासातली खरी गोष्ट आहे. पाचांपैकी चार मृत्यूंत अशी चार किंवा अधिक कारणे एकाच वेळी जुळून आलेली होती, आणि त्यांतली बहुतेक माणसाला आधी बदलता येण्याजोगी होती.

शरीरशास्त्र मी थोडक्यात सांगतो, कारण ऐकायला ते सुखाचे नाही. रांगत्या किंवा नुकत्या चालू लागलेल्या मुलाचा चेहरा आणि मान मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात, आणि वृद्ध माणूस एकदा पडला की त्याचीही तीच स्थिती होते. मोठा कुत्रा नुसता चावत नाही, तो पकडून झटके देतो. मानेच्या रक्तवाहिन्या वरवर असल्याने हाती मिनिटे उरतात, तासभर नव्हे. कुत्रे दोन असतील तर एकाच्या हल्ल्याने दुसरा चेकाळतो, आणि घरात एरवी शांत असणारा प्राणीही त्या झुंडीत सामील होतो.

मग सरकारे काय करतात? मृत्यूची बातमी गाजली की बहुतेक ठिकाणी आधी जातींची यादी निघते. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आली. कुत्रा बंदी असलेल्या प्रकारातला आहे की नाही, हे त्याची वंशावळ पाहून नव्हे, तर मोजमापे आणि ठेवण पाहून ठरवायचे होते. तीस वर्षांनंतर ‘एक्सएल बुली’ नावाचा, त्या यादीत नसलेला, भल्याथोरल्या ताकदीचा प्रकार लोकप्रिय झाला; मृत्यू घडू लागले आणि पुन्हा नवी व्याख्या लिहावी लागली. नराची खांद्यापाशी उंची किमान ५१ सेंटिमीटर, मादीची ४८. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय असा कुत्रा बाळगणे गुन्हा झाला. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने २३ जातींविषयी राज्यांना पत्र पाठवले, आणि संबंधितांशी पुरेशी सल्लामसलत झालेली नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते रद्द केले. इटलीने तर २००९ मध्ये आपली यादीच मोडीत काढून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला.

जातीला काहीच अर्थ नाही असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. साठ किलोंच्या कुत्र्याची चूक आणि सहा किलोंच्या कुत्र्याची चूक सारखी नसते, हे माझ्या हातावरचे व्रणही सांगतील. पण मघाच्या अमेरिकी अभ्यासात कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती १८ टक्क्यांहूनही कमी मृत्यूंत. जी गोष्ट मृत्यूनंतरच्या तपासातही ठरत नाही, तिच्या भरवशावर मृत्यू टाळायचा कसा, हा प्रश्न यादीवाल्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

दुसरा मार्ग शिक्षेचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून कुत्र्याने माणूस मारला तर मालकाला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो हल्ला मालकाच्या स्वतःच्या घरात झाला तरी कायदा लागू होतो. सॅन फ्रान्सिस्कोत २००१ मध्ये एका स्त्रीला तिच्या सदनिकेच्या दारातच शेजाऱ्यांच्या दोन प्रेसा कॅनारियो कुत्र्यांनी मारले. खटल्यात एकामागून एक साक्षीदार उभे राहिले आणि ते कुत्रे आपल्यावर आधी कसे धावून आले होते, ते सांगू लागले. मालकिणीला दुसऱ्या दर्जाच्या खुनाची शिक्षा झाली. ती योग्यच होती, पण मला त्या साक्षीदारांची रांग अस्वस्थ करते. न्यायालयात जे एकत्र आले, ते आधी एकत्र आले असते तर ती स्त्री कदाचित वाचली असती. प्रत्येकाने आपला प्रसंग आपल्यापाशी ठेवला, कारण तो द्यायचा कुठे हे ठाऊक नव्हते.

म्हणून परवाना म्हटले की मला शुल्काची पावती अभिप्रेत नाही. ब्रिटनमध्ये असा परवाना होता, ३७ पेन्सचा. तो वसूल करायलाच जास्त खर्च येई आणि त्यातून मालकाविषयी काहीच कळत नसे, म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो बंद झाला तेव्हा कोणी हळहळले नाही. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात २०१३ पासून नव्या मालकाला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि तिथे कुत्र्याने कोणाला केलेल्या नुकसानीची भरपाई देणारा दायित्व विमाही सक्तीचा आहे. हे मला अधिक पटते. मात्र परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण स्वित्झर्लंडने देशभर सक्तीचा केलेला अभ्यासवर्ग २०१६ अखेर रद्द केला. पाचातला एक मालक तिकडे फिरकलाच नव्हता, आणि जाणाऱ्या-न जाणाऱ्यांत फारसा फरक दिसला नाही. त्याच देशाने २००६ पासून डॉक्टर आणि पशुवैद्यकांना कुत्र्याचे गंभीर चावे कळवणे बंधनकारक केले, ते मात्र टिकले. स्कॉटलंडमध्ये २०१० च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला याच्या पुढचे पाऊल टाकता येते: कुत्रा आवरला जात नाही असे दिसले की खटला न भरताच मालकाला नोटीस देऊन मुसके, पट्टा, निर्बीजीकरण किंवा प्रशिक्षण सक्तीचे करता येते, आणि नोटीस मोडणे हा गुन्हा ठरतो.

चावे कळवणे आणि नोटीस देणे या दोन गोष्टी जोडल्या की मला हवे ते नियंत्रण जवळपास तयार होते. कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या, ओळख पटवणाऱ्या मायक्रोचिपवर मालकाचे नाव, त्या नावाखाली प्रत्येक चाव्याची आणि धावून जाण्याची नोंद, आणि दुसऱ्या नोंदीलाच नोटीस. नाव बदलल्याशिवाय विक्री नाही आणि फुकट देणेही नाही. रुबाबासाठी दांडगे कुत्रे बाळगणारे नोंदणी करणार नाहीत, सज्जन तेवढे भरडले जातील, असा आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. परंतु नोंद नसणे हाच गुन्हा असेल, तर अधिकाऱ्याला निदान चावा होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

मघाच्या त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, ते सांगतो. वर्षभराने एक तरुण जोडपे त्याला घेऊन माझ्याकडे आले. कानावरच्या खुणेवरून मी त्याला ओळखले. आधीचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले होते आणि ‘चांगले घर मिळावे’ म्हणून त्यांनी तो या दोघांना दिला होता. बायकोच्या कडेवर दीड वर्षाचे मूल होते. मी त्यांना आजीच्या हाताची गोष्ट सांगितली, ती केवळ ते योगायोगाने माझ्याच दवाखान्यात आले म्हणून. दोघेही गप्प झाले. मग नवऱ्याने पिशवीतून पट्टा, भांडे आणि लसीकरणाचे कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि विचारले, की आम्हाला तर एवढेच दिले होते, यात कुठे लिहिले आहे का? कार्ड माझ्याच अक्षरातले होते. त्यावर सगळ्या लसींच्या तारखा होत्या.