सायक्लॉप्सचे समुद्रातले सोयरे

श्रोते हो, नमस्कार.

समुद्रात साध्या डोळ्यांना धड दिसणारही नाही अशा कवचधारी प्राण्याची नवी प्रजाती सापडली, ही बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात अधूनमधून येते, आणि जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाने ती ओलांडून पुढे जावे यात नवल नाही. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण आपल्यासाठी समुद्र दूरच. तरीही या प्राण्यांच्या एका सोयऱ्याला आपली जुनी माणसे चांगली ओळखतात, आणि ती ओळख काही गोड नाही.

नारू, म्हणजे दूषित पाणी पिण्यातून अंगात शिरणारा लांब कृमी, ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पायविहिरीच्या पाण्याची धास्ती वेगळी सांगायला नको. नारूच्या अळ्या अंगात बाळगणारा सायक्लॉप्स हा खेकडे आणि झिंगे यांच्या व्यापक कुळातला, कोपेपॉड या गटातला जीव आहे. माझी आजी हंड्याच्या तोंडावर जुन्या धोतराचा दुहेरी फडका बांधून पाणी गाळत असे, ते केवळ कचऱ्यासाठी, असे मी समजत होतो. पुढे महाविद्यालयात त्याच विहिरीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा मिलिमीटरभर लांबीचा एक जीव झटके देत पळताना दिसला. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, आणि मागे दोन्ही अंगांना अंड्यांच्या दोन पिशव्या. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, सायक्लॉप्स मात्र विहिरीत आहेच.

समुद्रात याच गटाच्या हजारो प्रजाती आहेत. कोपेपॉड या ग्रीक नावाचा अर्थ वल्ह्यासारखे पाय असणारा. बारीक जाळीतून किंवा धुऊन गाळलेल्या वाळूतून हे जीव हाती येतात. पण हाती येणे म्हणजे शोध लागणे नव्हे. एवढासा प्राणी ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून, अत्यंत बारीक सुयांनी त्याचा एकेक पाय सुटा करावा लागतो, कारण दोन प्रजातींमधला भेद पुष्कळदा पाचव्या पायांच्या जोडीवरील काट्यांत आणि केसांत असतो. त्या प्रत्येक काट्याचे चित्र काढायचे, आजवर वर्णिलेल्या जवळच्या सर्व प्रजातींशी ते ताडून पाहायचे, नियमांनुसार नाव द्यायचे, आणि ज्या नमुन्यावर ते नाव आधारले तो संग्रहालयात जपून ठेवायचा. सापडलेली बाटली अभ्यासकाची वाट पाहत वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते, हेही होते. जाळे टाकणाऱ्याचे कौतुक होते, सुई धरणाऱ्याचे फारसे होत नाही, असे माझे मत आहे.

कधी कधी तर एवढे करूनही प्राणी अर्धाच सापडतो. १८९९ मध्ये हान्सेन या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातल्या काही विचित्र कवचधारी डिंभकांना, म्हणजे अळीच्या अवस्थेतल्या जीवांना, त्यांचे आईबाप ठाऊक नसल्यामुळे, नुसते ‘वाय’ हे अक्षर नावादाखल दिले. २००८ साली संशोधकांनी त्यांना कात टाकायला लावणारे संप्रेरक दिले, तेव्हा त्या कवचातून शंख नसलेल्या गोगलगाईसारखा एक मऊ, बिनपायांचा जीव बाहेर आला. तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या अंगात परजीवी म्हणून राहत असावा. पण कोणाच्या, ते अजून कळलेले नाही, आणि त्याचा प्रौढ अवतार समुद्रात आजवर कोणी पाहिलेला नाही.