हातउसने दिलेले पैसे परत मागताना

श्रोतेहो, नमस्कार.

मित्राला हातउसने दिलेले पैसे परत येत नाहीत आणि पैशांबरोबर मित्रही भेटेनासा होतो, अशा वेळी काय करावे, याविषयी आज बोलायचे आहे. बँकेचे कर्ज थकले तर बँकेजवळ करारपत्र असते, जामीनदार असतो. मित्राला दिलेल्या पैशांमागे बहुतेक वेळा 'पुढच्या महिन्यात देतो' या शब्दापलीकडे काही नसते. पुढचा महिना सरतो, वर्ष सरते, आणि मागणाऱ्यालाच अपराध केल्यासारखे वाटू लागते.

हा संकोच महागात पडतो, कारण कायदा त्याची वाट पाहत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. परतफेडीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षे, आणि तारीख ठरलेलीच नसेल तर पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षे. 'तू मागशील तेव्हा देईन' असे म्हणून मित्राने पैसे नेले असतील, तर आपण मागितल्या दिवसापासून मुदत मोजली जाईल असे अनेकांना वाटते. तसे नाही. तेथेही पैसे दिल्या दिवसापासूनच मोजणी होते. पुन्हा सांगतो: पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षे.

या तीन वर्षांचे महत्त्व मला ज्या प्रसंगामुळे खऱ्या अर्थाने कळले, तो आज सविस्तर सांगतो. संबंधितांनी त्याला आनंदाने परवानगी दिली आहे. नावे मात्र घेणार नाही.

सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातले एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. आपण त्यांना गुरुजी म्हणू. त्यांचा शाळेपासूनचा एक मित्र मोटार रिवायंडिंगचे दुकान चालवतो, म्हणजे विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यात तांब्याची नवी तार भरून देतो. द्राक्षबागांच्या त्या भागात उन्हाळ्यात विजेचा दाब कमी-जास्त झाला की मोटारी जळतात, आणि दुकानदाराजवळ तार शिल्लक नसेल तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर तार खरेदी करण्यासाठी मित्राने गुरुजींकडे ७५,००० रुपये मागितले. गुरुजींनी त्याच दिवशी धनादेश लिहून दिला. कागद केला नाही, व्याज ठरवले नाही, तारीखही ठरवली नाही.

पहिल्या वर्षी गुरुजींनी विषय काढला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी आडून सुचवले, म्हणजे मुलाच्या घराच्या हप्त्याचा उल्लेख केला, महागाईचा उल्लेख केला, आणि मित्राला आपोआप आठवेल अशी आशा केली. मित्राने तो धागा उचलला नाही. मग एके दिवशी चहाच्या गाड्यावर तिसऱ्याच माणसाजवळ गुरुजींच्या तोंडून निघून गेले, 'आमच्या दोस्ताला पैशाची आठवण राहत नाही.' हे वाक्य संध्याकाळच्या आत दुकानात पोहोचले. त्यानंतर मित्राने सकाळी फिरायला जाण्याचा रस्ता बदलला, फोन उचलणे बंद केले, आणि गुरुजींच्या घरच्या वास्तुशांतीला तो आला नाही, केवळ त्याची पत्नी येऊन आहेर देऊन गेली.

तिसरे वर्ष संपायला दोन महिने उरले असताना गुरुजींच्या भाच्याने, जो तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो, त्यांना मुदतीची जाणीव करून दिली. नोटीस पाठवावी, असे त्याचे मत होते. गुरुजींच्या पत्नीने मात्र आग्रह धरला की वकिलाच्या कागदाआधी तुमच्या हातचा कागद जाऊ द्या. गुरुजींनी पत्र लिहिले. ते मला त्यांनी वाचून दाखवले आहे. त्यात एकही टोमणा नव्हता. 'अमुक तारखेला तुला ७५,००० रुपये धनादेशाने दिले. त्यातले किती परत येणे बाकी आहे, याविषयी तुझा हिशेब काय आहे तो मला समजून घ्यायचा आहे. तुला कोणत्या महिन्यात किती जमेल ते तूच सांग. रविवारी सकाळी मी घरी आहे. तू आला नाहीस तर या महिन्याच्या अखेरीस मला न्यायालयात जावे लागेल, कारण नंतर मला तो मार्ग राहणार नाही.' एवढाच मजकूर. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवून त्यांनी मूळ पत्र दुकानात जाऊन मित्राच्या हाती दिले, आणि प्रतीवर 'पत्र मिळाले' असे लिहून त्याची सही घेतली.

रविवारी मित्र आला. येताना त्याने दुकानाची जाड वही आणली होती. ती वही उघडल्यावर जे बाहेर आले त्याची गुरुजींना कल्पनाही नव्हती. त्या तीन वर्षांत गुरुजींच्या मळ्यातली मोटार त्याने दोनदा भरून दिली होती आणि एकदा नवा स्टार्टर बसवला होता. गुरुजींनी दर वेळी पैसे विचारले होते आणि मित्र 'राहू दे' म्हणाला होता. गुरुजींनी ते मैत्रीखात्यात धरले. मित्राने मात्र ११,४०० रुपये वहीत लिहून मनातल्या मनात कर्जातून वजा केले. शिवाय एका दिवाळीत त्याने गुरुजींच्या पत्नीच्या हाती ५,००० रुपये दिले होते. दोन्ही घरच्या बायका एकाच भिशीत होत्या, त्यामुळे वहिनींनी ते पैसे भिशीचे समजून भिशीच्या डब्यात टाकले आणि गुरुजींना सांगितलेच नाही. मित्राची समजूत अशी की गुरुजींना पाच हजार मिळाले आहेत, तरी ते चहाच्या गाड्यावर आपल्याला बुडव्या ठरवत आहेत. तो रागाने तोंड चुकवत होता, आणि गुरुजी त्याचा अर्थ बेइमानी असा लावत होते.

वहिनींनी आतून भिशीची वही आणली. त्या दिवाळीच्या महिन्यात ५,००० रुपये जास्त जमा झाले होते आणि त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या घरांमध्ये बायकांच्या भिशीचा हिशेब जितका चोख असतो तितका पुरुषांच्या हातउसन्यांचा कधीच नसतो, कारण भिशीत प्रत्येक रक्कम सर्वांसमोर मोजली जाते आणि तिथल्या तिथे लिहिली जाते. हातउसने देताना आपण घरात सांगतही नाही. मला हे चुकीचे वाटते. घरातून पैसा बाहेर जातो तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाला ते माहीत असलेच पाहिजे.

असो. आकडा ठरला. ७५,००० मधून ११,४०० आणि ५,००० वजा होऊन ५८,६०० रुपये बाकी निघाले. मोटारीची मजुरी धरायची की नाही यावर दोघांचा थोडा वाद झाला, पण गुरुजींनी ती मान्य केली, आणि माझ्या मते योग्यच केले, कारण मोल न देता काम करून घेत राहणे हीसुद्धा एक उधारीच आहे. मग हप्त्यांचा विषय निघाला. दरमहा पाच हजार, असे गुरुजींनी सुचवले. मित्राने सांगितले की पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक नसते, तेव्हा तो शब्द पाळला जाणार नाही. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत दरमहा दहा हजार देईन आणि उरलेले पुढच्या उन्हाळ्यात. हे सर्व भाच्याने एका कागदावर लिहिले: मूळ रक्कम, वजावट, बाकी ५८,६०० रुपये 'मी देणे लागतो' हे शब्द, हप्त्यांचे महिने आणि तारीख. मित्राने त्याखाली सही केली, वहिनींनी आणि भाच्याने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. पहिल्या उन्हाळ्यात तीस हजार आले. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन हप्ते दहा हजारांचे आणि शेवटचा ८,६०० रुपयांचा. शेवटच्या हप्त्याच्या दिवशी गुरुजींनी त्याला सर्व रक्कम मिळाल्याची पावती लिहून दिली.

या प्रसंगातल्या त्या एका कागदाचे बळ नीट समजून घ्या. तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी घेणाऱ्याने 'मी एवढी रक्कम देणे लागतो' असे लिहून सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून पुन्हा नवी तीन वर्षे सुरू होतात. ही सही मुदत संपण्यापूर्वीची हवी. पुन्हा सांगतो, मुदत संपण्यापूर्वीची. थोडी रक्कम परत मिळाली तरी मुदत नव्याने धरता येते, पण त्या परतफेडीची नोंद परतफेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असावी लागते, म्हणून हप्ता घेताना दोन ओळी लिहून घ्याव्यात. मुदत उलटून गेली असली तरी सारे संपत नाही, कारण जुने देणे फेडण्याचे नवे वचन मित्राने लेखी देऊन सही केली, तर १८७२ च्या करार कायद्याने ते वचन बंधनकारक ठरते. मोबाइलवरचे संदेश पुरावा म्हणून उपयोगी पडतात, ते पुसू नका; परंतु मुदतीचा प्रश्न असेल तेव्हा कागदावरच्या सहीसारखा निर्धोक आधार नाही.

आता पुढे कोणाला पैसे देणार असाल त्यांच्यासाठी थोडक्यात. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम उसनी म्हणून रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. दोघांचेही उत्पन्न केवळ शेतीचे असेल आणि कोणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर त्यातून सूट आहे. म्हणून पैसे बँकेतूनच द्यावेत. त्यामुळे पुरावाही आपोआप राहतो. वचनचिठ्ठी लिहून घेतलीत तर तिच्यावर रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही घ्या. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारली जात नाही आणि नंतर दंड भरूनही ती उणीव भरून निघत नाही. शाळेत पावसाळ्यावर निबंध लिहायला शिकवतात तशी पावती आणि वचनचिठ्ठी लिहायलाही शिकवावी, असे मला फार दिवसांपासून वाटते.

मित्राने परतफेडीसाठी दिलेला धनादेश न वटता परत आला तर वेळ अजिबात दवडू नका. बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात, आणि ते उलटल्यानंतर एका महिन्याच्या आत फौजदारी न्यायालयात तक्रार करावी लागते. तीस दिवस, पंधरा दिवस, एक महिना: हा क्रम लिहून ठेवा. धनादेश नसेल आणि मित्र केवळ टाळाटाळ करत असेल, तर पोलीस ठाण्यात गेल्यावर 'हा दिवाणी वाद आहे' असेच उत्तर बहुधा मिळेल. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आले, तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. आणि मित्राचे नाव सार्वजनिक गटात टाकून त्याची बदनामी करण्याच्या मोहात कोणीही पडू नये. गुरुजींचे एक वाक्य चहाच्या गाड्यावरून दुकानात पोहोचले, त्याने काय झाले ते आपण ऐकलेच.

काही जण अशा वेळी तुकोबांचे उदाहरण देतात आणि 'सोडून द्या' म्हणतात. वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पण तीच परंपरा हेही सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांनी आधी त्यांच्या स्वाधीन केला आणि केवळ स्वतःच्या वाट्याचे कागद बुडवले. मित्राची परिस्थिती खरोखर बिकट असेल तर पैसे सोडावेत, मोठ्या मनाने सोडावेत, मात्र घरच्यांना विचारून आणि मित्राला तसे स्पष्ट सांगून, म्हणजे तो पुन्हा उंबऱ्यावर यायला मोकळा होईल.

पैसे सोडायचे नसतील आणि बोलणेही फिसकटले असेल, तर दाव्याआधी लोकअदालतीचा मार्ग पाहावा. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरण तेथे ठेवता येते, त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही, समोरच्याला बोलावणे पाठवले जाते, आणि दोघांच्या संमतीने जो निवाडा होतो त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. त्यावर अपील नसते. कायदेविषयक मदतीसाठी १५१०० हा निःशुल्क क्रमांक आहे; पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य. समितीकडे अर्ज देताना ज्या तारखेला पैसे दिले त्या तारखेचा बँकेचा खातेउतारा आणि मित्राची सही असलेला जो काही कागद असेल त्याची झेरॉक्स जोडा. मूळ कागद मात्र स्वतःजवळ ठेवा आणि दाखवण्याची वेळ येईल तेव्हाच तो बरोबर न्या.

नमस्कार.