स्वामी मोठा झाला

‘मालगुडी डेज’ या टीव्ही मालिकेत पडद्यावर दिसणारी ही कौलारू घरे, ओसरीचे लाकडी खांब आणि अंगणात साचलेले पाणी पाहून बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या कुणालाही आपल्या जांबोटी-कणकुंबीची आठवण होईल. पण हे गाव आहे शिवमोग्गा जिल्ह्यातले आगुंबे. दोन्हीकडे घाट तोच आणि कोसळणारा पाऊसही तसाच. याच गावात १९८६ साली दिग्दर्शक शंकर नाग यांनी इंग्रजीत लिहिणारे कथाकार आर. के. नारायण यांचे काल्पनिक मालगुडी प्रत्यक्ष उभे केले. त्या मालगुडीतला शाळकरी स्वामी झालेल्या मुलाचे नाव होते मास्टर मंजुनाथ आणि त्याचे वय होते अवघे नऊ वर्षे.

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या गल्लीत त्या काळी एकाच घरी टीव्ही होता. चित्रात मुंग्या आल्या की कुणीतरी माडीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि खालून सगळे एकदम ओरडायचे, "आता दिसतंय, हात काढू नको!" ‘मालगुडी डेज’ लागली की मराठी बोलणारी आमची आजी आणि कन्नड बोलणाऱ्या शेजारच्या अक्का एकाच सतरंजीवर बसून ती हिंदी मालिका पाहत असत. "अक्का, हे पोर खानापूरकडचं हाय का ओ?" असे आजीने एकदा अगदी मनापासून विचारले होते. ज्या भागात दुकानाच्या पाटीवरची भाषासुद्धा वादाचा विषय होते, तिथे या मुलाची मातृभाषा कोणती, हे मात्र कुणालाच विचारावेसे वाटले नाही. मला हे आजही फार मोलाचे वाटते.

यामागे शंकर नाग यांची घडणही होती, असे मला वाटते. उत्तर कन्नड जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी मुंबईत मराठी नाटकांत काम केले होते आणि ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनातही त्यांचा वाटा होता. स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत होते गिरीश कर्नाड. नारायण यांच्या कथेत हे वडील मुलाला आंब्यांच्या खरेदी-विक्रीचे गणित घालतात आणि मुलाला आकड्यांऐवजी भलतीच काळजी लागते: ते आंबे पिकलेले होते की कच्चे? मंजुनाथचा स्वामी नेमका असाच होता. वडिलांसमोर उभा असताना त्याची मान खाली असे, पण डोळे मात्र दाराबाहेरच्या मित्रांकडे धाव घेत. बालकलाकार पुष्कळदा पाठ केलेले संवाद म्हणून मोकळे होतात. हा मुलगा समोरच्याचे बोलणे ऐकताना दिसत असे आणि त्याचे मोठेपण मला त्या ऐकण्यातच दिसते.

पुढे १९९० साली मुकुल आनंद यांच्या ‘अग्निपथ’मध्ये तो कोकणातल्या मांडवा गावचा मुलगा झाला. अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या विजय दीनानाथ चौहानचे बालपण त्याच्या वाट्याला आले होते. गावकऱ्यांच्या हातून शिक्षक वडिलांचा जीव गेलेला पाहणारा तो मुलगा पाहताना, चार वर्षांपूर्वी हाच चेहरा परीक्षेच्या भीतीने कावराबावरा होत असे, यावर विश्वास बसत नाही. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दावणगेरेजवळ झालेल्या मोटार अपघातात शंकर नाग गेले. ते केवळ ३५ वर्षांचे होते.

मंजुनाथने एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास अभिनय सोडला आणि शिक्षणाकडे लक्ष दिले. "मग त्याचं पुढं काय झालं?" हा प्रश्न लोक जरा हळहळत विचारतात, जणू काही अघटितच घडले असावे. ही हळहळ मला मान्य नाही. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात बालकृष्ण झालेला मुलगा पुढे शेती करू लागला किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला लागला, तर कुणी त्याच्यासाठी उसासे टाकत नाही. टीव्हीवरच्या मुलाला मात्र आपण त्याच वयात अडकवून ठेवतो. आवाज फुटला, मिसरूड आली, उंची वाढली, तरी आपल्याला तोच स्वामी हवा असतो. आणि ज्या चेहऱ्यावर लोकांनी जीव लावला, तो चेहराच नव्या भूमिकांच्या आड येतो. अशा वेळी आपणहून बाजूला होऊन दुसरे काम धरायला मोठे धैर्य लागते.

त्याने धरलेले काम होते बेंगळुरू–म्हैसूर रस्ता प्रकल्पाच्या जनसंपर्काचे. कॅमेऱ्यापासून दूर, कार्यालयात बसून करायची ती नोकरी होती. हा रस्ता ज्या म्हैसूरच्या दिशेने आखला गेला, तिथेच आर. के. नारायण यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली आणि तिथल्या यादवगिरीतील त्यांचे घर आता स्मारक म्हणून जपलेले आहे.