पगार, चावी आणि ताळगावचं पठार

(पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर कोकणातल्या एका ग्रंथालयात, छोट्या विद्यापीठात शिकण्याविषयी झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मघाशी माझी ओळख करून देताना "मोठ्या विद्यापीठात शिकलेल्या" असं म्हटलं गेलं. गोवा विद्यापीठ मोठं नाही हो. मोठं म्हणजे मुंबई, १८५७ सालचं. गोव्याचं १ जून १९८५ ला सुरू झालं. तोवर पणजीत मुंबई विद्यापीठाचंच पदव्युत्तर केंद्र होतं. ताळगावच्या पठारावर, जांभ्याच्या सड्यावर विद्यापीठाचा परिसर आहे, खाली झुआरी नदीचं मुख. इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा. चित्रकार म्हणून आपल्याला माहीत असलेले, तेच.

मी एम.ए.ला गेले तेव्हा वर्गात अकरा जण होतो. माझ्या मैत्रिणी मुंबई-पुण्याला गेल्या होत्या आणि मला वाटत होतं, आपण मागे राहिलो. अकरा जणांच्या वर्गात एक गोष्ट मात्र करता येत नाही, ती म्हणजे लपणं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सरांना माझं नाव पाठ झालं होतं. मी वाचून आलेय की नुसतीच मान डोलावतेय, हेही त्यांना कळायला लागलं होतं. पहिलं सत्र त्या धास्तीतच गेलं.

मला संभाजी महाराजांच्या १६८३ च्या गोव्याच्या स्वारीवर निबंध लिहायचा होता. चार मराठी पुस्तकं घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, "ही एका बाजूची झाली. समोरच्यांनी काय लिहून ठेवलंय?" समोरचे म्हणजे पोर्तुगीज, आणि त्यांनी लिहून ठेवलेलं पोर्तुगीजमध्ये. मी म्हटलं, ती भाषा मला येत नाही. "मग शिका. विभाग काय लांब आहे?" खरंच लांब नव्हता. भारतात पोर्तुगीजमध्ये एम.ए. करता येईल अशी विद्यापीठं किती, शोधून पाहा. आम्हाला ते चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

पहिल्याच तासाला फळ्यावर चार शब्द. 'शाव' म्हणजे चावी. 'फिता' म्हणजे फीत. 'गामेला' म्हणजे घमेलं. आणि 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं. माझ्या आजीनं जन्मात पोर्तुगीज ऐकलं नसेल, पण घमेल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. अर्धी भीती तिथेच गेली.

उरलेली अर्धी पणजीच्या पुराभिलेखागारात परत आली. तिथे जुन्या पत्रव्यवहाराचे खंड आहेत, 'मोन्सोंइश दु रैनु' नावाचे. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांनी व्हायचा, म्हणून कागदांना नावच मान्सूनचं. शिवाजी महाराज त्यात 'सेव्हाजी' होऊन भेटतात. पण शाई पसरलेली, शब्द एकमेकांत अडकलेले, आणि दर दोन ओळींनी एक खूण: रोमन 'क्यू' अक्षर, त्यावर छोटीशी आडवी रेघ. मी तीन दिवस तिच्यावर डोकं आपटलं. कोशात मिळेना. चौथ्या दिवशी विद्यापीठात जाऊन त्या विभागातल्या एका बाईंच्या खोलीत डोकावले. वेळ ठरवलेली नव्हती, त्यांचा डबा अर्धा खाऊन झाला होता. हात पुसून त्यांनी माझी वही बघितली आणि हसल्या. "अगं, हा 'की' आहे. लिहायचा कंटाळा म्हणून आखूड केलेला." म्हणजे पोर्तुगीज 'que' हा शब्द; उच्चार 'कि', आणि अर्थही पुष्कळदा आपल्या 'की'चाच: त्याने लिहिले की, असे समजले की. त्या दुपारनंतर पानं उलगडायला लागली.

मोठ्या ठिकाणीही असं शिकवणारे असतात, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या दाराशी पोचेपर्यंत डबा संपलेला असतो.

त्याच काळात ग्रंथालयात मला पिसुर्लेकर संग्रह सापडला. पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख होते. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर काम करायचं, तर त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. त्यांच्या नावाचा पुस्तकसंग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि कित्येक दुपारी त्या कपाटांपाशी मी एकटीच असायचे. याचा आनंद मानावा की खेद, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता दुसरी बाजू. पुढे एका छोट्या विद्यापीठात, नाव घेत नाही, मी तासिका तत्त्वावर शिकवलं. माहितीपुस्तिकेत ऐच्छिक विषय नऊ होते, चालू होते दोन. कारण? किमान विद्यार्थी झाले नाहीत, नाहीतर शिकवणारे निवृत्त झाले आणि जागा भरली नाही. तेव्हा प्रवेश घेताना पुस्तिकेवर विसंबू नका. विभागात जा आणि विचारा, गेल्या वर्षी खरोखर कोणते विषय चालले? शिपायालाही माहीत असतं.

विज्ञानवाल्यांसाठी थोडक्यात सांगते, तो माझा प्रांत नाही. समुद्रविज्ञान शिकायचं तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच आहे. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना खाजनं आहेत: खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती, पाणी आत-बाहेर सोडणारी 'मानस' नावाची दारं, आणि खारं सोसणारं कोरगुट भात. बंगळूरच्या विज्ञान अकादमीची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती असते, दोन महिने देशातल्या चांगल्या प्रयोगशाळेत काम करता येतं. आपल्याकडून अर्जच कमी जातात.

नियतकालिकांचं रडगाणं आमच्या वेळी मोठं होतं. एक लेख हवा तर मुंबईच्या मैत्रिणीला पत्र, मग झेरॉक्स, मग टपाल. जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झालीय. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली. तुमच्या ग्रंथपालांना लॉगिन मागा. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर प्रबंध आधीपासून फुकट आहेत. 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या शिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांचे श्रेयांकही धरतात. पण 'क्यू'वरची रेघ दाखवायला ते व्हिडिओतून बाहेर येणार नाहीत.

आणि व्याख्यानं. गोवा विद्यापीठात इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाचं, कवी बाकीबाब बोरकरांच्या नावाचं अध्यासन आहे. बाहेरून अभ्यासक येतात, काही दिवस राहतात, शिकवतात, आणि त्यात बाहेरच्या लोकांनाही बसता येतं. एकदा माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले काका होते. सगळ्यांत खवचट प्रश्न त्यांचाच. पीएच.डी.च्या मौखिक परीक्षाही चुकवू नका. मागच्या बाकावर बसून बघा, चार वर्षं राबलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात. माझ्या वेळचा मला शब्दन् शब्द आठवतो: "हा कागद तुम्ही स्वतः वाचलात की कुणाच्या पुस्तकातून उचललात?"

स्वतः वाचला होता. पान काढून दाखवलं. त्यावर तो आखूड 'की' चार ठिकाणी होता.

मागे कुणीतरी वसतिगृहाचं विचारत होतं ना? विचारा, मोठ्यानं विचारा.